चीर निजलीय का चालतीय

अर्जुना पाथरवटाचे कान गेले, हे त्याला शेजारच्या कोंबड्यामुळं कळलं.

एका सकाळी उठून त्यानं चूळ भरली, मिशीवरून हात फिरवला आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोला म्हणाला, "शेजाऱ्यानं कोंबडा कापला वाटतं. आन् आपल्याला वाटीभर रस्सासुदिक न्हाई. मानसं कशी बदलली बग."

धोंडुबाई भाकरी थापत होती. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. समोरच्या कुडावर बसून, मान ताणून, कोंबडा जीव खाऊन आरवत होता.

"कोंबडा हाय जाग्यावर," ती म्हणाली. "तुमचे कान गेले."

हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि शेवटी तर ती इतकी मोठ्यानं ओरडली की कोंबडाच कुडावरून उडाला.

दुसऱ्या कुणाचं कानावाचून एवढं अडलं नसतं. नांगर धरायला कान लागत नाहीत, ऊस तोडायला लागत नाहीत, आणि भावकीत राहायचं तर ते नसलेलेच बरे. पण अर्जुनाचा धंदाच कानाचा होता. मलकापूरला, कराडाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याचं खोपट होतं आणि पुढं दगडांचा पसारा. जाती, पाटे, वरवंटे, उखळं, उंबऱ्याचे दगड, विहिरीच्या कामाच्या शिळा. घडवणारे पाथरवट आणखीही होते, पण दगड पारखावा तो अर्जुनानं, असं त्या पट्ट्यात ठरून गेलेलं होतं. हातोडी हलकेच टेकवल्यासारखी मारायची, डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची. आतून अखंड असलेला दगड टण्ण वाजतो आणि वाजल्यावर थोडा वेळ गुणगुणत राहतो. आत केसाएवढी जरी चीर असली तरी तो थद् करतो आणि गप्प बसतो.

हे म्हटलं तर कुणालाही कळण्यासारखं होतं. पण अर्जुना त्यावर जे बोलायचा ते कुणाला जमण्यासारखं नव्हतं. "ह्यो डाव्या अंगाला आजारी हाय," असं तो एखाद्या जात्याबद्दल सांगायचा. "ह्याच्या पोटात काय तरी हाय, पर तुमच्या सुनंचं दळण हुईस्तवर दम काडंल." नम्रपणा त्याच्या अंगी औषधालाही नव्हता. कातळावर हातोडी हाणून हाणून त्याच हातोडीनं त्याचे कान खाल्ले, आणि आता हे लोकांना कसं सांगायचं? बहिऱ्या माणसाकडून दगड कोण पारखून घेईल? त्यानं भाकरी अर्धी ठेवली.

वाट काढली ती धोंडुबाईनं. ती म्हणाली, आजपासून मी तुमच्याबरोबर येणार. तुम्ही दगड वाजवा, डोळे मिटा, मान तिरकी करा, काय सोंग करायचं ते करा. मग डोळे उघडून माझ्याकडं बघा. दगड चांगला असला तर मी डोईवरचा पदर नीट करीन. वाईट असला तर कमरेला खोचीन.

तेव्हापासून अर्जुनाची पारख आणखीच वाढली, असं लोक म्हणू लागले. धोंडुबाईचे कान मांजरासारखे होते, आणि अर्जुनाची जीभ तर शाबूतच होती. एकदाच काय तो घोटाळा झाला. रहिमतपूरच्या बाजारात जोतीराम नावाच्या व्यापाऱ्यानं एक मोठं जातं विकायला मांडलं होतं, काळंभोर, आरशासारखं. अर्जुनानं ते वाजवलं. नेमकी त्याच वेळी धोंडुबाईच्या पायाला लाल मुंगी डसली. तिनं झटकन वाकून लुगडं झटकलं आणि पदर खोचला. अर्जुनानं दुःखी चेहरा केला आणि भर बाजारात जाहीर केलं, "जोतीरामा, ह्यो दगड मेल्याला हाय. ह्याला बाजारात न्हाई, वड्यात ठिवा." जोतीराम भांडायला उठला, पण अर्जुनापुढं त्याचं काय चालणार? त्यानं ते जातं माघारी नेलं. धोंडुबाई घरी येईपर्यंत हसत होती आणि अर्जुना घरी आल्यावर चिडला. दुसऱ्या बाजाराला जाऊन त्यानं तेच जातं पुन्हा वाजवलं आणि "आठ दिसात सुधारला की ह्यो!" असं ठोकून दिलं. लोकांनी तेही ऐकून घेतलं.

असं बरीच वर्षं सुखात चाललेलं असताना शेहेचाळीस सालचा उन्हाळा आला. लेक अंजना पहिलटकरीण होती. माणदेशात दहिवडीकडं तिचं सासर. नवरा मुंबईला गिरणीत, सासू आजारी, म्हणून धोंडुबाई लेकीच्या बाळंतपणाला तिकडं गेली. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "मी येईस्तवर दगड घडवा, इका, त्येच्यावर बसा. पर वाजवाय जाऊ नगा."

ती गेली आणि लालासाहेबाचं बोलावणं आलं.

लालासाहेब पलटणीत हवालदार होता. लढाई संपली तसा घरी आला आणि आल्या आल्या शेताला कवायत शिकवायला लागला. वस्तीवरच्या काळ्या रानात त्यानं ऊस लावला होता. वैशाखाचं ऊन पेटलेलं, विहीर खोल, तिच्यावर मोट चालत होती. विहिरीच्या तोंडाशी आत झुकवून दोन शिळा बसवलेल्या, त्यांच्यावर लाकडी चौकट, चौकटीत चाक, चाकावरून मोटेचा नाडा. बैल उताराला चालू लागले की भरलेली मोट वर येणार, आणि तिचा सगळा भार त्या दोन शिळांवर. बैल माघारी सरले की भार गेला. पुन्हा बैल पुढं, पुन्हा भार. दिवस उगवल्यापासून हेच.

त्यातल्या एका शिळेवर मोट हाकणाऱ्या गुंडाला काळी रेघ दिसली होती.

अर्जुना गेला तेव्हा सगळी वस्ती विहिरीवर जमलेली. लालासाहेब, गुंडा, लालासाहेबाची आई बनुबाई, शेजारपाजारच्या बायका. अर्जुनानं शिळेवर बादलीभर पाणी ओतलं आणि उन्हात वाळू दिली. शिळा वाळली, पण चिरेत मुरलेलं पाणी वाळायला वेळ लागतो, त्यामुळं तिची ओली रेघ स्पष्ट उमटली. वीतभर लांब, शिळेच्या मधोमध. रेघ दिसली, पण ती खोल किती, ते डोळ्यांना कसं कळणार? सगळे अर्जुनाच्या हातोडीकडं बघायला लागले.

मारणं भाग होतं. त्यानं हातोडी मारली, डोळे मिटले, मान तिरकी केली. आत अगदी शुकशुकाट. सवयीनं डोळे उघडून त्यानं बाजूला बघितलं, तर धोंडुबाई जिथं बसली असती तिथं बनुबाई बसलेली, आणि ती डोईवरचा पदर नीट करत होती. "चांगला हाय!" अर्जुनाच्या ओठांवर आलंच होतं. त्यानं ते कसंबसं गिळलं.

मग तो बोलायला लागला. बोलण्याला कान लागत नाहीत.

"ऐका, लालासायेब. चीर कुठल्या दगडात नसती? समद्या दगडात असती. मानसाला जसा राग असतो तशी. निजल्याली असली तर शंभर वर्सं निजती, कुणाचं काय बिगडत न्हाई. पर भार आला, गेला, आला, गेला, की कवा कवा ती जागी हुती आन् चालाय लागती. येका टायमाला मुंगीच्या पावलाएवडी. कुणाला दिसत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई. आन् येक दीस पल्ला संपला, की कडाड्! तवा ही निजलीय का चालतीय, येवडंच बघाय पायजे."

हे मात्र त्यानं सोंग म्हणून सांगितलं नव्हतं. चिरेवरच त्याचं पोट होतं. डोंगरातला कातळ फोडायचा तर तो ओळीनं भोकं पाडी, त्यात बाभळीच्या सुक्या पाचरी ठोकी, वर पाणी ओती आणि सावलीला जाऊन बसे. पाचरी फुगत, भोकाभोकातनं चीर निघे, एकमेकींना गाठे, आणि संध्याकाळपर्यंत कातळ सुरीनं कापल्यासारखा सरळ दुभंगे. घाई करून घण घातला तर चीर बिथरते आणि नको तिकडं पळते, हे त्याला बापानं शिकवलं होतं. सगळा जन्म त्यानं चिरांना चालवण्यात घालवला होता. एखादी निजलेली असावी, असं त्याला आज पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

कारण ती चालती असली तर मोट बंद ठेवायची आणि ऊस डोळ्यांदेखत जळताना बघायचा. आणि चालती असून मोट हाकली तर एक ना एक दिवस शिळा तुटणार, चाक, भरलेली मोट आणि नाडा खाली जाणार, आणि नाड्याला जुंपलेले बैल मागं खेचले जाऊन गुंडासकट विहिरीत.

"जल्दी सांगा, आण्णा," लालासाहेब म्हणाला. अर्जुनाला ते ओठांवरून कळलं. 'जल्दी' हा शब्द लालासाहेबाच्या ओठांवर कायमच असायचा.

अर्जुनानं शक्कल काढली. मारुतीच्या देवळातनं शेंदूर आणवला, तेलात कालवला, त्यात चिमूटभर चुना घातला आणि चिरेच्या टोकावर आडवा, बोटभर रुंदीचा जाड पट्टा ओढला. नुसता चुना मोटेच्या पाण्यानं धुऊन गेला असता. तेलातला शेंदूर पाण्याला जुमानत नाही, आणि चुन्यामुळं वाळून पापुद्र्यासारखा कडक होतो. खालची चीर जराशी जरी सरकली तरी वरचा पापुद्रा तडकणार. कानाचं काम आता डोळ्यानं होणार होतं. आपल्या हुशारीवर अर्जुना जाम खूश झाला.

"चार दीस अर्धीच मोट भरा," त्यानं गुंडाला सांगितलं. "आन् त्या पट्ट्याला कुनी हात लावायचा न्हाई. मी यिऊन बगतो."

इथं त्याचं चुकलं. पट्टा कशासाठी ओढला, हे तो गुंडाला आणि लालासाहेबाला सांगून गेला. बायकांना कुणीच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई पाण्याला आली आणि तिला दगडावर शेंदूर दिसला. आता आपल्याकडं शेंदूर लावलेल्या दगडाला काय म्हणतात, हे काय तिला कुणी सांगायला पाहिजे होतं? आणि शेंदूर लावला कुणी, तर ज्याला दगडाच्या पोटातलं कळतं त्या अर्जुनानं. त्यानं ओळख पटल्याशिवाय उगाच लावला असेल का? बनुबाईनं हात जोडले. तांब्याभर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, आणि कालचा शेंदूर उन्हानं फिका पडल्यासारखा वाटला म्हणून घरातला ताजा आणून वरनं छान चोपडला. रोज सकाळी तिचा हा नेमच झाला. शेजारणी कशाला मागं राहतील? कुणी फूल ठेवलं, कुणी नारळ फोडला. कुणी तरी त्याला चिरोबा म्हटलं आणि तेच नाव पडलं. गुंडानं मोट जुंपायच्या आत बनुबाईचं आटोपलेलं असे, त्यामुळं शेंदूर रोज नवा चढतो हे त्याला कळलं नाही. लालासाहेबानं फुलं-नारळ बघितले, पण बायकांच्या देवांत पलटणीनं पडायचं नाही, हा त्याचा नियम होता.

अर्जुना चार दिवसांनी आला तो ऊन तापल्यावर. लांबूनच त्यानं पट्टा बघितला. अखंड! नुसता अखंड नव्हे, लालभडक, तुकतुकीत, कुठं तडा म्हणून नाही. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. बनुबाई शेजारी उभी होती. तिनं त्याला काही सांगितलं. बोळक्या तोंडाचे ओठ काही वाचता येत नव्हते, पण म्हातारी हसत होती, म्हणजे चांगलंच असणार. अर्जुना जोरजोरानं मान हलवून म्हणाला, "व्हय, व्हय. लय चांगलं. असंच चालू द्या."

बनुबाईनं त्याला सांगितलं होतं, "मी रोज सकाळी नवा शेंदूर लावती बरं का."

"निजलीय!" अर्जुनानं लालासाहेबाला हाक दिली. "बाळावानी निजलीय. भरा पुरी मोट!"

"ऑर्डर मिळाली!" लालासाहेब ओरडला. गुंडानं बैल मागं सरकवले, मोट खोल गेली, गळ्यापर्यंत भरली. नाड्यावर बसून गुंडानं बैल उताराला घातले आणि गायला तोंड उघडलं. चाक फिरलं. मोट वर आली, थारोळ्यात भडाभडा ओतली गेली, पाणी पाटानं उसाकडं धावलं. दुसरी मोट आली. तिसरी. कुणीतरी अर्जुनाच्या हातात ताकाचा तांब्या दिला. तो शिळेजवळ उकिडवा बसला आणि समाधानानं, तान्ह्या लेकराच्या गालाला लावावा तसा, त्यानं शेंदराच्या पट्ट्याला अंगठा लावला.

अंगठा लाल झाला.

अर्जुना अंगठ्याकडं बघत राहिला. वैशाखातलं ऊन, चुना घातलेला शेंदूर, तो कधीच वाळून खडखडीत व्हायला हवा होता. हा ओला होता. ओला म्हणजे आजचा. मग त्याला शिळेखाली पडलेली फुलं दिसली, नारळाची करवंटी दिसली, आणि बनुबाईची लालभडक बोटं दिसली. म्हातारीनं त्याला काय सांगितलं असणार, ते त्याला आता कळलं.

त्याच वेळी गुंडाची चौथी मोट पाण्यातून सुटून वर यायला लागली होती.

अर्जुनाच्या हातातला तांब्या गेला. तो उठून बैलांच्या उताराकडं, धावेवर पळाला, दोन्ही हात वर करून ओरडला, "गुंडा! थांबीव! बैल थांबीव!" गुंडानं बैल आवरले. मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिली. लालासाहेब धावत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला, आणि अर्जुनानं इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एका दमात ओकून टाकलं.

"मला ऐकू येत न्हाई! बनुआक्का काय म्हनाल्या ते मला ऐकूच आलं न्हाई! मी भैरा हाय, लालासायेब, ठार भैरा. ह्यो शेंदूर रोजचा हाय. चीर निजलीय का चालतीय मला ठावं न्हाई!"

मग तो गुंडाकडं वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "सोडू नगं हं येकदम. हिसका बसला तर हितंच तुटंल. बैल येकेक पाऊल मागं घे. तुला जेवडं हळू जमतंय त्याच्या निम्म्यानं."

गुंडा नाड्यावरनं उतरला, बैलांच्या तोंडाशी गेला आणि त्यांना एकेक पाऊल मागं रेटायला लागला. अर्जुना शिळेशी गुडघे टेकून बसला होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं शेंदूर खसाखसा पुसायला सुरुवात केली तशी बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. शेंदराखाली चीर होती. पहिल्या दिवशी जिथं तिचं टोक होतं, तिथून ती पुढं गेली होती, वळली होती, आणि शिळेच्या कडेला पोचायला तिला दोन बोटं कमी होती. भार हलेल तशी ती उघडत होती आणि मिटत होती, अगदी किंचित, माशाच्या तोंडासारखी. अर्जुनानं जन्मात हजारो चिरा चालवल्या होत्या, पण एवढी भीती त्याला कुठल्याही चिरेची वाटली नव्हती.

मोट पाण्याला टेकली. नाडा सैल पडला. लालासाहेबानं स्वतः बैल सोडले.

चाक आणि चौकट दोर बांधून काढून घेतली. मग अर्जुनानं चिरेच्या तोंडाशी टाकी धरली आणि हातोडीचा एक हलका टोला दिला. दुसरा द्यावाच लागला नाही. शिळेचा पुढचा अर्धा भाग सुटला आणि विहिरीत गेला. काठापर्यंत पाणी उसळलं. आवाज केवढा झाला असेल, हे अर्जुनाला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

गुंडा बैलांच्या गळ्यात पडला.

बनुबाई सोडून बाकी सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. तिच्या मते देवच आत गेला होता. "चिरोबानं पानी जवळ क्येलं," ती म्हणाली, आणि उरलेलं हळदकुंकू तिनं विहिरीत टाकलं.

अर्जुनानं हत्यारं पिशवीत भरली. आता आपला धंदा बसला, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. लालासाहेबाच्या डोळ्याला डोळा न देता तो म्हणाला, "मी फसवलं तुमास्नी. लय वर्सं फसवलं. समद्यास्नीच."

लालासाहेब त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणजे ओठ दिसावेत, आणि एकेक शब्द सुटा करून बोलला. "आण्णा, तुमी भैरं हायसा ते समद्या मुलखाला ठावं हाय."

"काय?"

"समद्यास्नी ठावं हाय. तुमी दगड वाजवला की तुमच्याकडं कोन बगतंय? आमी समदी वैनीच्या पदराकडं बगतो."

अर्जुनानं गुंडाकडं बघितलं. गुंडानं मान हलवली. बायकांकडं बघितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आन् त्यो रहिमतपूरचा जोतीराम?"

"त्यालासुदिक. मुंगी चावल्याली त्यानंच बगितली. पर आठ दिसात दगड सुधारतो, हे त्याला लय आवडलं. आजून सांगत असतो."

"मग ह्या वक्ताला मला येकट्याला कशापायी बलिवलं?"

लालासाहेबानं डोकं खाजवलं. "वैनी न्हाईत ते हितं आल्यावर कळलं. मग तुमी शेंदूर काडलासा. म्हटलं, नवी तऱ्हा दिसतीय. गडी काय तरी करंल."

अर्जुनाला राग यावा की रडू, हे कळेना. शेवटी हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. तो दगडावर बसून हसला, लालासाहेब हसला, आणि गुंडा तर सगळ्यांत जास्त हसला.

नवी शिळा येईपर्यंत शेजारच्या हंबीररावांनी आपल्या विहिरीचं पाणी उसाला सोडलं, म्हणून ऊस तगला. अर्जुना डोंगरावर जाऊन बसला. त्यानं मनाजोगता कातळ निवडला, भोकं पाडली, पाचरी ठोकल्या, पाणी ओतलं. लालासाहेब रोज चढून यायचा आणि सुरुंग लावू का म्हणून विचारायचा. पलटणीत त्यानं तेही शिकून घेतलं होतं. अर्जुना त्याला सावलीत बसवून भाकरी खायला लावायचा. कातळ सरळ दुभंगला, शिळा घडली आणि गाडीवर चढून विहिरीवर आली.

तेवढ्यात धोंडुबाई दहिवडीहून परतली. अंजनाला मुलगा झाला होता. घरी पिशवी टेकवायच्या आत तिला सगळ्या वस्तीनं सगळं सांगितलं होतं, अर्जुनानं सांगायला काही शिल्लकच नव्हतं. ती त्याला एवढंच म्हणाली, "वाजवू नगा म्हटलं हुतं मी."

शिळा बसवायच्या दिवशी सगळे पुन्हा जमले. धोंडुबाई नेहमीसारखी बाजूला जाऊन बसायला लागली. अर्जुनानं तिला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांसमोर, भर उन्हात, शिळेपाशी आणून उभं केलं. ती लाजली. चार माणसांत नवऱ्यानं हात धरायची रीत नव्हती. त्यानं हातोडी उचलली आणि शिळेवर मारली.

"चांगला हाय," धोंडुबाई तोंडानं म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

लालासाहेबानं माणसांना खूण केली. पण अर्जुना हलला नाही. तो बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

"कसा वाजला?" त्यानं विचारलं.

हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. चांगला की वाईट, एवढंच कळलं की त्याचं काम भागत असे. धोंडुबाई गोंधळली. आवाज कसा सांगायचा? तिनं जरा विचार केला. मग त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि तोंडानंच सांगितलं, "बगा माज्या हाताकडं." तिनं शिळेवर टोला दिला आणि रिकामा हात वर केला. तो तसाच वर धरून ठेवला. मग हळूहळू, दगडातला आवाज बारीक होत जाईल तसा तो खाली आणला, आणि आवाज विरला तेव्हा मूठ मिटली.

अर्जुनाचे डोळे भरले. त्यानं ते पुसलेही नाहीत. "आनी येक डाव," तो म्हणाला.

तिनं पुन्हा टोला दिला. हात वर गेला.

"चला, आण्णा, जल्दी!" लालासाहेब समोर येऊन म्हणाला. "चांगला हाय म्हनल्या की. बसवू या आता."

अर्जुनानं बायकोच्या हातावरची नजर काढली नाही. तो हात अजून हवेतच होता, नुकता कुठं खाली यायला लागला होता.

"थांब की गड्या," अर्जुना म्हणाला, "आजून वाजतुया."